एकाच बाकावर दोन इंग्रजी

अकरावी प्रवेशाच्या फेऱ्या आटोपतात, पसंतीक्रमाची धाकधूक सरते आणि कनिष्ठ महाविद्यालयांचे वर्ग भरू लागतात. कला, वाणिज्य, विज्ञान या वाटा इथून वेगळ्या होतात. कोणाचे गणित सुटते, कोणाचा इतिहास. पण अनिवार्य इंग्रजी कोणाचेच सुटत नाही. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात शाखा कोणतीही असो, ‘बालभारती’चे ‘युवकभारती’ हे इंग्रजीचे पुस्तक सर्वांच्या दप्तरात असते. या तासाला काय शिकवले जाते, विद्यार्थ्याकडून काय अपेक्षित असते आणि हा तास का बुडवू नये, हे प्रवेशाच्या धावपळीत सहसा कोणी सांगत नाही. ते सांगायला हवे, कारण दहावीच्या इंग्रजीहून हा विषय बराच वेगळा आहे.

पहिला फरक वर्गातच दिसतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी तृतीय भाषा म्हणून असते. त्यांचे पुस्तक ‘माय इंग्लिश कोर्सबुक’. इंग्रजी माध्यमाच्या मुलांची ती प्रथम भाषा. त्यांचे पुस्तक ‘इंग्लिश कुमारभारती’. पुस्तके वेगळी, प्रश्नपत्रिका वेगळ्या, अपेक्षाही वेगळ्या. अकरावीत हे दोन्ही प्रवाह एकाच तुकडीत येतात. त्यांत सीबीएसई आणि आयसीएसईची मुलेही मिसळतात. जिल्हा परिषदेच्या शाळेपासून मराठीत शिकलेली मुलगी आणि बालवाडीपासून इंग्रजीत शिकलेला मुलगा एका बाकावर बसतात, एकच धडा वाचतात आणि वर्षअखेरीला एकच प्रश्नपत्रिका सोडवतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले काही आठवडे जड जातात, ते यामुळे. प्राध्यापक इंग्रजीतून बोलतात, शेजारचा मुलगा चटकन उत्तर देतो आणि आपल्याला काहीच येत नाही असा समज पक्का होतो. तो खरा नसतो. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्याआधी ते पाचवीपासून असे. म्हणजे आजचा मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहा वर्षे इंग्रजी शिकून अकरावीत येतो. त्याला वाचलेले बरेचसे समजते. ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा, ‘नो सूनर दॅन’ वापरा, प्रयोग बदला, हे तो सफाईने करतो. राहून गेलेले असते ते स्वतःचे वाक्य स्वतः जुळवणे, कारण शाळेत त्याच्यावर ती वेळ क्वचितच आलेली असते. ही उणीव सरावाची आहे, बुद्धीची नाही, आणि तो सराव करायला अकरावीसारखे दुसरे वर्ष नाही.

आता पुस्तकाकडे वळू. २०१९ मध्ये आलेल्या अकरावीच्या ‘युवकभारती’चे चार विभाग आहेत: गद्य, पद्य, लेखनकौशल्ये आणि नाटक. बारावीच्या पुस्तकात नाटकाच्या जागी कादंबरी येते, बाकी घडण तीच. लेखी परीक्षा ८० गुणांची आणि ऐकण्या-बोलण्याची परीक्षा २० गुणांची. लेखी परीक्षेत नुसते धड्यावरचे प्रश्न नसतात. कधी न वाचलेला उतारा येतो, त्याचा सारांश लिहायचा असतो, दिलेल्या विषयाचा विचार-आराखडा काढायचा असतो. कवितेचे रसग्रहण असते, ईमेल, मुलाखत, चित्रपट परीक्षण असते. म्हणजे गुणांचा बराच मोठा भाग असा आहे की ज्याचे उत्तर गाईडमध्ये आयते सापडत नाही. दहावीला धडा पाठ असला की बऱ्यापैकी निभावते. अकरावीला तेवढ्याने भागत नाही.

गद्यातला एक धडा जवळून पाहण्यासारखा आहे. वेंकट अय्यर यांनी माहिती तंत्रज्ञानातली नोकरी सोडली आणि पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यातल्या एका गावात शेती सुरू केली. त्यांच्या पुस्तकातला सेंद्रिय भातशेतीचा अनुभव या धड्यात आहे. हा धडा कोकणातल्या किंवा मावळातल्या महाविद्यालयात शिकवला जातो तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांनी राब भाजलेला, आवण काढलेले, गुडघाभर चिखलात लावणी केलेली असते. रोपे दाट लावली तर काय होते, पाऊस लांबला तर काय करायचे, हे त्यांना लेखकापेक्षा जास्त ठाऊक असते. शहरात वाढलेल्या मुलांना धड्यातला प्रत्येक इंग्रजी शब्द कळतो, पण त्यामागची मेहनत डोळ्यांपुढे येत नाही. एकाकडे शब्द आहेत, दुसऱ्याकडे अनुभव आहे. शिक्षकाने या दोघांना जोडीने बसवून ‘तुमच्याकडे लावणी कशी होते ते दहा वाक्यांत लिहा’ एवढे सांगितले, तर तासाभरात दोघेही जे शिकतील ते महिनाभर शब्दार्थ लिहून साधणार नाही. गावाकडच्या मुलीला आपल्या सांगण्याला इंग्रजीत जागा आहे हे प्रथमच उमगेल. शहरातल्या मुलाला भाषा सफाईने बोलता येणे आणि सांगण्याजोगे काही असणे यांतला फरक कळेल.

अकरावीच्या इंग्रजीचे खरे सामर्थ्य याच भेटीत आहे, आणि आपली महाविद्यालये तेच वाया घालवतात. बहुतेक ठिकाणी हुशार मुले पुढे, गप्प मुले मागे अशी बैठक पहिल्याच आठवड्यात पक्की होते आणि वर्षभर तशीच राहते. प्रश्न विचारले जातात ते पुढच्या दोन बाकांना. मागचे वहीत शब्दार्थ उतरवत राहतात. दोन इंग्रजी एका बाकावर आणण्याची संधी अभ्यासक्रमाने दिली, वर्गाने मात्र त्यांना पुन्हा वेगळे केले.

नाटकाच्या विभागात ही कोंडी फोडण्याची मोठी सोय आहे. इंग्रजी नाटकाच्या इतिहासाची ओळख, शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधला आणि इब्सेनच्या ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’मधला भाग आणि लेडी ग्रेगरी यांचे ‘द रायझिंग ऑफ द मून’ असा हा विभाग आहे. लेडी ग्रेगरी यांची ही एकांकिका १९०७ मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरात रंगमंचावर आली. आयर्लंड तेव्हा ब्रिटिशांच्या अमलाखाली होते. बंदरावरच्या धक्क्यावर चांदण्या रात्री एक सार्जंट पहारा देत असतो. तुरुंगातून निसटलेल्या क्रांतिकारकाला पकडून देणाऱ्यास शंभर पौंडांचे बक्षीस जाहीर झालेले असते. फाटक्या कपड्यांतला एक गाणारा तिथे येतो. एका पिंपावर दोघे पाठीला पाठ लावून बसतात, बोलतात, जुनी गाणी निघतात. गाणारा हाच तो क्रांतिकारक हे सार्जंटला कळते तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो: कर्तव्य कोणाशी? नोकरीशी की देशाशी? आपल्या स्वातंत्र्यलढ्यात इंग्रजांच्या नोकरीतल्या कितीतरी माणसांपुढे हाच प्रश्न होता. महाराष्ट्रातल्या मुलांना ही एकांकिका परकी वाटण्याचे कारण नाही.

इब्सेनच्या १८८२ मधल्या नाटकातला डॉक्टर गावातल्या स्नानगृहांचे पाणी दूषित असल्याचे शोधून काढतो. गावाचे उत्पन्न त्या स्नानगृहांवरच अवलंबून असल्याने सगळा गाव त्याच्यावर उलटतो. सत्यजित राय यांनी याच नाटकावरून बंगालीत ‘गणशत्रु’ हा चित्रपट केला. नाटक हा प्रकार मराठी मुलांच्या ओळखीचा आहे. स्नेहसंमेलनात एकांकिका बसवणारी मुले प्रत्येक महाविद्यालयात असतात. तरीही इंग्रजी नाटक मात्र ‘पात्रे, कथानक, तात्पर्य’ असे फळ्यावर लिहून संपवले जाते. संवाद मोठ्याने, पात्रे वाटून वाचून घेतले तर जिभेला वळण लागते, आणि दुसऱ्याच्या तोंडची वाक्ये बोलताना चुकण्याची भीतीही कमी होते.

कवितेबाबत मराठी माध्यमाच्या मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रसग्रहण त्यांना नवे नाही. मराठीच्या तासाला अनुप्रास, उपमा, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती त्यांनी ओळखलेली असतात. वर्ड्सवर्थची वेस्टमिन्स्टर पुलावरची कविता चौदा ओळींचे सुनीत आहे. केशवसुतांनी हा प्रकार मराठीत आणला, तो इंग्रजीतूनच. सकाळच्या वेळची शांत लंडन नगरी पाहताना कवीला काय वाटले, हे मुलांनी आपल्या गावच्या पहाटेशी ताडून पाहावे. अलंकारांची नावे इंग्रजीत पाठ करायला आठवडा पुरतो. कविता कशामुळे भिडते हे ओळखण्याची नजर मात्र त्यांच्याकडे आधीपासून असते, आणि तीच मोलाची.

लेखनकौशल्यांचा विभाग सर्वांत दुर्लक्षित आहे. वास्तविक पुढच्या आयुष्यात कामाला येणार आहे तो हाच. इथे घोकंपट्टी चालत नाही. चित्रपट परीक्षण लिहायचे तर चित्रपट पाहून स्वतःचे मत बनवावे लागते. मुलाखत लिहायची तर कोणाला काय विचारावे याचा विचार करावा लागतो. अनेक मुले ‘अपेक्षित’ संचातले एकच परीक्षण पाठ करून येतात आणि परीक्षेत चित्रपटाचे नाव बदलून तेच उतरवतात. चार गुण मिळूनही जातात. पण नोकरीसाठीचा पहिला अर्ज किंवा प्रकल्पाचा पहिला अहवाल लिहायची वेळ येते तेव्हा हात अडतो. चुकांनी भरलेला पण स्वतः लिहिलेला परिच्छेद पाठ केलेल्या निर्दोष परिच्छेदापेक्षा कितीतरी उपयोगाचा असतो. चूक दिसली तरच दुरुस्त करता येते.

ऐकण्या-बोलण्याच्या २० गुणांविषयीही स्पष्ट बोलायला हवे. मार्च २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषांच्या तोंडी परीक्षेचे गुण नव्हते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून ते गुण परत आले. या गुणांची खिरापत वाटली जाते, असा आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे निराधार नव्हते. पण बोलण्याची परीक्षाच काढून टाकली तर वर्गात बोलायला कोणी लावणार नाही, हेही तितकेच खरे. गुण ठेवावेत आणि ते मिळवायला लावावेत, हाच मार्ग योग्य. कनिष्ठ महाविद्यालयात तुकडी मोठी असते, तेव्हा एका शिक्षकाने फेब्रुवारीत दोन दिवसांत सर्वांची तोंडी परीक्षा उरकणे म्हणजे निव्वळ कागद रंगवणे होय. जूनपासून रोज चार-पाच मुलांना दोन-दोन मिनिटे बोलायला लावले, तर वर्षभरात प्रत्येकाची पाळी अनेकदा येते आणि परीक्षेचे ओझेही उरत नाही.

एवढे असूनही हा तास ओस का पडतो? एक तर अकरावी म्हणजे दहावी आणि बारावीच्या मधले विसाव्याचे वर्ष, असे घरोघरी मानले जाते. निकाल महाविद्यालयातच लागतो, बोर्डाचा शिक्का नसतो. विज्ञान शाखेत तर जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीपुढे इंग्रजीला कोणी विचारत नाही, कारण या परीक्षांत इंग्रजीचा स्वतंत्र विभाग नाही. सकाळी क्लास, संध्याकाळी क्लास, आणि महाविद्यालयात फक्त प्रात्यक्षिकापुरते. पण त्याच मुलांना पुढे अभियांत्रिकीची आणि वैद्यकाची जाडजूड पुस्तके इंग्रजीतूनच वाचायची असतात. एनडीएच्या परीक्षेत सामान्य क्षमता चाचणीच्या ६०० गुणांपैकी २०० गुण इंग्रजीचे असतात. कायद्याच्या प्रवेश परीक्षेत उतारे वाचून उत्तरे द्यावी लागतात. गणिताचे सूत्र आठ दिवसांत पाठ होईल, वाचनाचा वेग आठ दिवसांत वाढत नाही.

तेव्हा विद्यार्थ्यांनी पहिल्या सत्रातच तीन सवयी लावून घ्याव्यात. धडा शिकवण्याआधी एकदा स्वतः वाचून जावा, सगळा कळला नाही तरी चालेल. आठवड्यातून एक परिच्छेद कोणत्याही विषयावर, कोठेही न पाहता लिहावा आणि शिक्षकांना दाखवावा. वर्गात आठवड्यातून एकदा तरी हात वर करून बोलावे. पालकांनी गाईड आणण्याची घाई करू नये. मुलाच्या इंग्रजीची तुलना शेजारच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाशी करू नये. मराठी चांगले येणे हा इंग्रजीच्या आड येणारा दोष आहे, हा समज तर घरातून कायमचा घालवावा. ज्याला एका भाषेत नेमके सांगता येते त्याला दुसरीत सांगायला शिकवता येते. इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या पालकांनीही बेफिकीर राहू नये. फाडफाड बोलणे म्हणजे नेटके लिहिणे नव्हे, हे पहिल्या सारांशलेखनातच दिसून येते.

सर्वांत मोठी जबाबदारी महाविद्यालयांची आहे. प्रवेश उशिरा झाले म्हणून आणि अभ्यासक्रम पुरा करायचा म्हणून पहिला घाव लेखन आणि संभाषणावर पडतो. तो थांबला पाहिजे. दोन माध्यमांची मुले जोडीने बसतील अशी बैठक ठरवायला शासनाचा निर्णय लागत नाही, निधीही लागत नाही. पहिल्या महिन्यात शिक्षकाने गरजेप्रमाणे मराठीचा आधार घेतला तर कोणाचे बिघडत नाही. हळूहळू तो कमी करत न्यावा. वह्या तपासण्याचा भार मोठा असतो हे मान्य, म्हणून महिन्यातून एकच लेखन घ्यावे, पण ते खरोखर तपासावे. याच पुस्तकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संविधान सभेतील भाषणाचा अंश आहे. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत हा त्याचा गाभा. हा धडा शिकवताना ज्या वर्गात मागच्या बाकावरची मुले वर्षभर गप्प बसलेली असतात, त्या वर्गाने तो धडा शिकला असे म्हणता येणार नाही. अनिवार्य विषय सर्वांसाठी असतो, आणि तो सर्वांपर्यंत पोचतो की नाही हे पाहणे प्रत्येक महाविद्यालयाचे कर्तव्य आहे.