चोर सोडून संन्याशाला फाशी

कर्नल कोसळल्यावर पडद्यावर ज्या फंक्शनचे नाव उमटते, त्याच्याच गळ्यात दोष बांधायची सवय आपल्या व्यवसायात मुरली आहे. क्रॅश डम्प उघडायचा, पॉइंटर नल आहे का ते तपासणारी एक ओळ चिकटवायची, तिकीट बंद! काही दिवसांनी तेच मशीन दुसऱ्याच ड्रायव्हरमध्ये पडते आणि नवे तिकीट नव्या माणसाच्या टेबलावर जाते. मेमरी करप्शनमध्ये भलतीकडे लिहिणारा कोड केव्हाच पुढे निघून गेलेला असतो. पकडला जातो तो, ज्याने ती जागा नंतर भरवशाने वाचली.

२००८ साली लिनक्स २.६.२७च्या चाचणी आवृत्त्यांवर इंटेलच्या काही नेटवर्क कार्डांची एनव्हीएम, म्हणजे कार्डाची स्वतःची कायमची मेमरी, खराब होऊ लागली. कार्डे निकामी झाली. संशय साहजिकच ई१०००ई ड्रायव्हरवर गेला. निघाला मात्र डायनॅमिक एफट्रेस, म्हणजे कर्नलमधल्या फंक्शनांचा माग ठेवणारी सोय, जिचा नेटवर्कशी काडीचा संबंध नाही! एफट्रेस कोडमधले ठरावीक पत्ते नोंदवून ठेवी आणि पुढे तिथली इन्स्ट्रक्शन बदली. त्यातले काही पत्ते मोड्यूलच्या एकदाच चालणाऱ्या आरंभीच्या भागातले होते. तो भाग मोकळा झाला, त्या पत्त्यावर कार्डाची एनव्हीएम येऊन बसली, आणि एफट्रेसकडची नोंद जुनीच राहिली. आधी तुलना करून मगच बदल करण्याची खबरदारी त्यात होती. पण एक्स८६ची ती तुलना-बदल इन्स्ट्रक्शन तुलना फसली तरी मेमरीवर लेखन करतेच. साध्या रॅमला त्याने काही होत नाही, एनव्हीएमला होते. २.६.२७.१मध्ये हा डायनॅमिक एफट्रेस बंद करावा लागला.

असा गुन्हेगार डीबगरने सापडेल का? त्याच वर्षी जुलैत, २.६.२६मध्ये, केजीडीबी हा डीबगर मुख्य कर्नलमध्ये आला. त्याच्या मूळ फाइलीचा मथळा एकदा वाचावा: व्हेरिटास, पुढे अमित काळे आणि पुण्याची लिनसिससॉफ्ट ही नावे तिथे आजही आहेत. कर्नलमध्ये डीबगर नको, हे लिनस टॉरवाल्ड्स यांचे मत जगजाहीर होते; तरीही ही मंडळी वर्षानुवर्षे तो पॅच बाहेरून सांभाळत राहिली. करप्शनपुरते आम्हाला टॉरवाल्ड्स यांचे म्हणणे निम्मे पटते. डीबगर थांबवतो चांगला, पण थांबायचे कुठे हे त्याला आपण सांगावे लागते. बिघडणारा पत्ता दर वेळी तोच असेल तर त्या पत्त्यावर लेखन होताच थांबवणाऱ्या हार्डवेअर वॉचपॉइंटसारखे शस्त्र नाही. एक्स८६वर ते चारच असतात, आणि पत्ता फिरता असला की चारही वाया.

म्हणून सापळा आधीच लावावा लागतो. स्लब डीबग चालू असेल तर मोकळी झालेली मेमरी ‘६बी’ या बाइटने भरली जाते. डम्पमधल्या रजिस्टरात ६बी६बी६बी६बी अशी माळ दिसली की सोडून दिलेली वस्तू कुणीतरी वापरतो आहे, हे तिथल्या तिथे कळते. २०१५च्या ४.० आवृत्तीपासून आलेला कासान हा कर्नलमधला मेमरी-तपासनीस त्याच्या पुढे जातो. दर आठ बाइटांमागे एक छायाबाइट ठेवून तो बहुतेक प्रत्येक वाचन-लेखन तपासतो आणि अहवालात तीन माग देतो: आत्ता कोण शिरला, मेमरी मागितली कुणी, सोडली कुणी. किंमत आहेच. एक अष्टमांश मेमरी त्या छायेत जाते आणि वेगही बराच मंदावतो. ‘एवढे परवडत नाही’ म्हणणाऱ्या व्यवस्थापकांनी निदान चाचणीच्या मशीनवर तरी तो बंद ठेवू नये. ग्राहकाकडच्या मशीनसाठी ५.१२पासून केफेन्स आहे. तो नमुन्यापुरतेच पाहतो, पण भार जवळजवळ नाही.

केजीडीबीच्या त्या दिवसांत दोन संगणक आणि मध्ये सिरियल केबल, एवढा संसार मांडावा लागे. कर्नल डीबगिंगचे काम पुण्या-बंगळुरूच्या प्रयोगशाळांत राहिले त्याला हेही एक कारण. आता क्यूईएमयू या एम्युलेटरमुळे एका लॅपटॉपवर भागते. शंकरनगर-अकलूजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला कर्नल खोलीत बसून हवा तितक्या वेळा पाडता येईल. अशा महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना आमची विनंती आहे की शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत हजेरीच्या ॲपऐवजी एकदा हे देऊन पाहा. कासानचे चाचणी मोड्यूल कर्नलच्या सोर्समध्येच आहे आणि ते मुद्दाम चुका करते. ते चालवायला सांगा, अहवालातले तीन माग वेगळे करायला लावा, मग कासान बंद करून तीच चूक पुन्हा घडवा आणि नुसत्या डम्पवरून गुन्हेगार शोधायला सांगा.