७७ हजार मते गेली कुठे?

निवडणूक संपली की जालन्यात आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो : तुमच्यामुळे कोण पडले? २०१९ च्या लोकसभेला येथे वंचित बहुजन आघाडीला सुमारे ७७ हजार मते पडली. रावसाहेब दानवे ३ लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. आमची सगळी मते काँग्रेसच्या पदरात टाकली असती तरी निकाल तोच लागला असता. तरीही मतविभाजनाचा शिक्का आमच्याच कपाळी! २०२४ ला काँग्रेसचे कल्याण काळे जिंकले आणि वंचितची मते निम्म्यावर आली. 'मत वाया जाऊ नये' ही धास्ती आमच्या वस्त्यांतही शिरली. त्यात मतदाराचा काय दोष? ज्याला जास्त मते तो खासदार, बाकीच्यांची मते मातीत, अशी ही पद्धतच आहे.

२०१९ ला राज्यभरात वंचितला सुमारे ७ टक्के मते होती. ४८ जागांत प्रमाणशीर हिशेबाने तीन खासदार झाले असते. मित्रपक्ष एमआयएमची औरंगाबादची जागा सोडली तर हाती शून्य आले. २०१४ ला बसपाला देशात दोन कोटींवर मते पडली, खासदार एकही नाही.

मग कुणी म्हणेल, प्रमाणशीर प्रतिनिधित्व तर खुद्द बाबासाहेबांनीच नाकारले. खरे आहे, आम्ही ते लपवत नाही. ४ जानेवारी १९४९ रोजी घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांच्या दुरुस्तीला त्यांनी विरोध केला. जनता निरक्षर आहे आणि सरकारे डळमळतील, ही त्यांची कारणे. पण १९४६ ला बाबासाहेब घटना समितीत पोहोचले ते बंगालमधून, आमदारांच्या पसंतीक्रमाच्या मतांवर, म्हणजे प्रमाणशीर पद्धतीनेच! १९५२ च्या थेट निवडणुकीत मात्र मुंबईने त्यांना पाडले.

१९५१ ला देशाची साक्षरता १८ टक्के होती. २०११ ला एकट्या जालना जिल्ह्याची ७१ टक्क्यांवर गेली. राहिला स्थैर्याचा मुद्दा. जर्मनीत पाच टक्क्यांची अट घालून पक्षांची खिचडी रोखली जाते.

विधी आयोगाने १९९९ च्या अहवालात लोकसभेच्या २५ टक्के जागा वाढवून त्या पक्षांना मतांच्या प्रमाणात द्याव्यात, असे सुचवले होते. त्यासाठी कलम ८१ दुरुस्त करावे लागेल. मतदारसंघ फेररचनेचा विषय निघेल तेव्हा आमच्या नेत्यांनी ही मागणी पुढे करावी. जागावाटपाच्या दारात दोन जागांसाठी ताटकळणे आता पुरे.