झाडावरचा बेडूक

ज्याचे जग लहान, त्यास आपण कूपमंडूक म्हणतो. हा शब्द मराठीत रूढ असला, तरी सर्वच बेडकांस तो शोभत नाही. विहीर सोडून झाडावर संसार मांडणारा एक बेडूक आपल्या शेजारीच राहतो. त्यास झाडबेडूक म्हणतात.

मीरा-भाईंदरच्या एका बाजूस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य आहे आणि दुसऱ्या बाजूस खाडी. या अरण्यात हा बेडूक आढळतो. त्याच्या बोटांच्या टोकांस वाटोळ्या चकत्या असतात. त्यांच्या योगे तो गुळगुळीत पानावर, किंबहुना घराच्या भिंतीवरही, लीलया चढतो. पावसाळा आला की मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बसते व अंगातून स्रवणारा चिकट द्रव मागील पायांनी घुसळते. त्याचा पांढरा फेस होतो. त्या फेसात अंडी ओलसर राहतात. काही दिवसांनी शेपूट असलेली पिल्ले खालच्या पाण्यात पडतात आणि तेथेच वाढतात.

परंतु फांदीखाली पाणीच नसेल तर? खाडीचे व मिठागरांचे खारे पाणी त्यांच्या कामाचे नाही. त्यांस हवे पावसाचे गोडे डबके. मीरा-भाईंदरला १९८५ साली नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका झाली. वस्ती वाढली, की घरे व रस्ते हवेतच. मात्र डबके दिसले की ते बुजवून टाकावे, ही वृत्ती योग्य नव्हे.

कोणी म्हणेल, डबक्यात डास होतात. हे खोटे नाही. पण आपल्या दाराशी पिंपांत, टायरांत व फुटक्या डब्यांत साचलेले पाणी आपण आधी काढून टाकावे. रानाकडेच्या डबक्यात चतुरांची पिल्ले डासांच्या अळ्या खातात, आणि मोठा झालेला बेडूक रात्री किडे टिपतो. तेथे निसर्ग आपले काम करीतच असतो.

आपण दरवर्षी हौसेने वृक्षारोपण करतो. ते अवश्य करावे. पण तेवढ्याने भागत नाही. झाडबेडकाचे घर झाडावर असते आणि त्याच्या पिल्लांचा पाळणा पाण्यात. पाळणा मोडून घर राखले, तर त्या घरात पुढे राहणार कोण? म्हणून झाड लावणाऱ्याने त्याच्या शेजारचे पाणीही राखावे.