शेत गेलं, आगेरा राहिला

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबईतल्या अनेक जुन्या ख्रिस्ती गावठाणांत बँड वाजतो. लुगडी नेसून, ठेवणीतले दागिने घालून बायका निघतात. भाताच्या लोंब्यांच्या जुड्या वाजतगाजत चर्चमध्ये येतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि मग मंडळी जेवायला बसतात. हा आगेरा, ईस्ट इंडियन समाजाचा सुगीचा सण. पीक हाती आलं, म्हणून पहिली लोंबी देवाची. गोव्यात हाच भाव कणसाच्या फेस्तात दिसतो. रायचं फेस्त ५ ऑगस्टला, ताळगावचं २१ ऑगस्टला.

अडचण एवढीच की बहुतेक गावठाणांभोवती आता शेतच नाही. गोराई-मनोरीकडे थोडेफार तुकडे तग धरून आहेत. उपनगरांच्या पोटात शिरलं की लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. मरोळचंच पाहा. १५७९ साली बांधलेल्या तिथल्या सेंट जॉन चर्चचे अवशेष आज सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआत आहेत. साथीमुळे १८४०मध्ये लोकांनी ती जागा सोडली, पुढे १९७३मध्ये सीप्झ उभं राहिलं. एरवी तिथे सहजासहजी जाता येत नाही; मे महिन्यात एकदा मिस्सा होते, तेव्हा जुन्या वस्तीचे वंशज आत जातात.

जमीन गेली, नांगर गेले, मग आभार कशाचे मानायचे? हा प्रश्न खोचक वाटला तरी रास्त आहे. काही जण त्याचं उत्तर ‘परंपरा’ या शब्दात उरकतात. पोशाख, बँड, भुजिंग-फुगियांचे स्टॉल आणि मोबाइलवर फोटो. या उत्साहाला नावं ठेवण्याचं कारण नाही. जो समाज स्वतःच्याच शहरात अल्पसंख्य झाला, त्याला वर्षातून एक दिवस मिरवावंसं वाटणारच. पण उपकारस्तुतीचा अर्थ तेवढाच नाही.

बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला २६वा अध्याय पहिल्या पिकाचा विधी सांगतो. शेतकऱ्याने टोपली घेऊन याजकापुढे उभं राहायचं. आणि बोलायचं काय? पाऊस छान झाला, दाणा भरला, असं नव्हे. त्याने आधी आपल्या वाडवडिलांची गोष्ट सांगायची: ते भटके होते, परक्या मुलखात गुलाम होते, त्यांच्यावर जुलूम झाला, देवाने त्यांना सोडवलं. थोडक्यात, जमीन नव्हती तेव्हाची आठवण आधी, टोपली नंतर. त्यापुढे आणखी एक अट आहे. त्या दिवशीच्या आनंदात ज्याच्या वाट्याला जमीन आलेली नाही तो लेवी आणि गावात राहणारा परका, दोघांनाही सामील करून घ्यायचं. त्यांना वगळून केलेली उपकारस्तुती या विधीत बसतच नाही.

शेत गमावलेल्या मरोळकराला ही प्रार्थना परकी वाटायला नको. उलट, भरल्या कोठारासमोर उभ्या असलेल्या माणसापेक्षा त्यालाच ती अधिक समजावी.

आजच्या चर्चमध्ये मात्र आभार वेगळ्या वळणाने जातात. साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस सांगतो: व्हिसा मिळाला, फ्लॅटचा ताबा मिळाला, मुलाला प्रमोशन मिळालं, देवाची स्तुती असो. मागच्या बाकावर बसलेली, व्हिसा नाकारलेली बाई यातून काय समजेल? देवाने तिची फाइल बाजूला ठेवली, हेच ना? लूकच्या शुभवर्तमानात येशूने एका परूश्याची गोष्ट सांगितली आहे. तो मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानत असतो. आपण शेजारच्या जकातदारासारखे नाही, याबद्दल. आभार मानणं हे प्रत्येक वेळी पुण्यच असतं, असं शुभवर्तमान कुठेही म्हणत नाही.

म्हणून वैयक्तिक आभार खोटे ठरत नाहीत. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला सगळ्या धर्मांचे लोक रांगा लावतात. मागणं मागणारी आणि आभार मानणारी पत्रं तिथे येतात. मागितलेलं मिळाल्यावर पुन्हा येऊन तसं लिहिणं ही साधी गोष्ट नव्हे. बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी येशूकडे परतला तो एकटा, आणि तोही शोमरोनी, म्हणजे ज्यांना यहुदी आपलं मानत नसत त्यांतला. त्या नऊ जणांपेक्षा माहीमला चिठ्ठी टाकणारी माणसं केव्हाही बरी. मात्र चिठ्ठी टाकून उपकारस्तुती पुरी होत नाही.

ती पुरी कशी होते याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरत. अक्षरशः भटकं घर. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे वडील, आई आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि त्या अर्धपोटी पायपीट करत राहिल्या. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपासमारीच्या बातम्या आल्या, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या जमिनीवर त्यांची सोय लावली. तेच पुढचं मुक्ती मिशन. रमाबाईंच्या धर्मांतरावर तेव्हा वाद झाले, आजही होतात. पण भुकेची आठवण, देवाचे आभार आणि दारातला परका या तिन्ही गोष्टी त्यांनी एकमेकींपासून सुटू दिल्या नाहीत. ‘अनुवाद’मधला शेतकरी जे टोपली हातात घेऊन बोलतो, ते केडगावात धान्य, विहिरी आणि शाळा होऊन उभं राहिलं.

आता आगेऱ्याकडे परत येऊ. आज गावठाणाशेजारी परका कोण? टॉवरच्या बांधकामावरचा मजूर, पोटमाळ्यावर भाड्याने राहणारी परप्रांतीय पोरं, घरकामाला येणारी बाई. आपली जमीन गेली याचा राग यांच्यावर काढायची सोय अनेकांना मोहात पाडते. शेतं यांनी घेतली नाहीत, हे ठाऊक असूनही. आगेऱ्याच्या पंगतीत यांच्यासाठी पानं मांडली जातात का, हा या सणाला विचारण्यासारखा खरा प्रश्न आहे; लोंब्या कुठून आणल्या, हा नव्हे.

लेवीयच्या पुस्तकात कापणीचा एक नियम आहे: शेताच्या कडा कापू नयेत, पडलेला सरवा उचलू नये, तो गरिबांचा आणि परक्यांचा. रूथ ही मवाबी विधवा बवाजच्या शेतात सरवा वेचूनच जगली. शेत नसलेल्यांनाही हा नियम लागू करता येतो. खेड्यापाड्यांतल्या मराठी चर्चमध्ये सुगीच्या उपकारस्तुतीला आलेल्या वस्तूंचा भक्तीनंतर लिलाव होतो. दहा रुपयांचा भोपळा हौसेने पाचशेला जातो, हशा पिकतो, पैसा जमतो. बऱ्याचदा तो छपरात, रंगकामात जिरतो. त्यातला ठरावीक हिस्सा चर्चच्या सभासद-यादीबाहेरच्या माणसांसाठी राखून ठेवावा, तो कोणाकडे गेला हे पुढच्या वर्षी लिलावाआधी वाचून दाखवावं आणि मुंबईच्या गावठाणांनी आगेऱ्याच्या जमाखर्चातही तसाच एक रकाना आखावा. त्यासाठी बिशपांच्या परवानगीची गरज नाही, पॅरिश कौन्सिलच्या एका बैठकीत हे ठरू शकतं.