फोनला सांगितलेले घरभर झाले



आजचा विषय फोनचा आहे, पण सुरुवात एका घरापासून करतो.

आमच्या वस्तीत एक ताई राहतात. चार घरची धुणीभांडी करून संसार ओढतात. दहा बाय बाराची खोली, माणसे पाच आणि फोन एक. आठ दिवसांपासून आंघोळ करताना त्यांच्या हाताला छातीत गाठ लागत होती. नवऱ्याला सांगावे तर तो आधीच कामाच्या खाड्यांनी बेजार. सासूला सांगावे तर शेजारपाजारी बोभाटा. आधी आपण समजून घेऊ, मग वेळ बघून बोलू, असा विचार करून एका रात्री सगळे झोपल्यावर त्यांनी फोन घेतला आणि टाईप केले, 'छातीत गाठ कशामुळे होते'. वाचले, फोन उशाखाली ठेवला आणि डोळे मिटले.

सकाळी नववीतला मुलगा निबंध लिहायला बसला. विषय होता छत्रपती शाहू महाराज. त्याने फोनवर फक्त 'छ' टाईप केला, आणि खाली पहिलीच ओळ आली, 'छातीत गाठ कशामुळे होते'. मुलगा त्या दिवशी शाळेत गेला नाही. डबा तसाच राहिला. संध्याकाळी आई कामावरून आली तेव्हा तिला धरून रडला. "आई, तुला काय झालंय?"

पुढे सगळे मिळून दवाखान्यात गेले. तपासणी झाली, गाठ साधी निघाली. घर सुटकेचा श्वास घेऊन मोकळे झाले. पण नंतर ताई मला म्हणाल्या, "भाऊ, गाठीचं काही वाटलं नाही. पण लेकराला मी सांगायच्या आधी त्या फोनने सांगितलं, ते मनाला लागलं."

आजचे सदर त्यांच्या या एका वाक्यासाठी आहे.

कुणी म्हणेल, लपवण्यासारखे काही नसेल तर पुसायचे कशाला? असे विचारणाऱ्याने आपण फोनवर काय काय शोधतो ते एकदा आठवावे. दुखणे शोधतो. कर्जाचा हप्ता थकला तर काय होते ते शोधतो. नोकरी सोडण्याचा विचार, नापास झाल्यावर पुढे काय, मारहाण होत असेल तर तक्रार कुठे करायची, हेही शोधतो. यात लाजेचे काही नाही. परंतु ते कुणाला आणि कधी सांगायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कात तो सामावलेला आहे. तो निकाल नागरिक आणि शासन यांच्यातला. घरातल्या घरात एकमेकांचा हा हक्क सांभाळणे मात्र आपल्या समजूतदारपणावर आहे, आणि त्यासाठी थोडी माहिती लागते.

आधी फोन हे लक्षात कसे ठेवतो ते पाहू. जुन्या काळी कचेरीत टाईपरायटरवर पत्र काढताना कागदांच्या मध्ये कार्बन घालत. वरचा कागद फाडला तरी खालच्या प्रती फायलीत राहत. फोनचेही तसेच आहे. शोधलेल्या शब्दांची एक प्रत ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोमसारख्या ॲपमध्ये राहते. दुसरी प्रत गुगलच्या खात्यात जाते. आणि नेहमी लिहिले जाणारे शब्द कीबोर्डही शिकून ठेवतो. एक प्रत पुसली आणि दुसरी राहिली, की ओळ पुन्हा वर येते. मग माणूस म्हणतो, मी तर पुसले होते!

इथेच आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फोन सुचवतो त्या सगळ्याच ओळी घरातल्या कुणी शोधलेल्या नसतात. ओळीच्या बाजूला छोटे घड्याळ असेल तर ते या फोनवरून किंवा या खात्यावरून पूर्वी शोधलेले असते. भिंगाचे चिन्ह असेल तर ती सर्वसाधारण सूचना असते, पुष्कळ लोक काय शोधतात त्यावरून आलेली. वर जाणारा बाण असेल तर तो विषय त्या वेळी जास्त शोधला जात असतो. भिंगाची ओळ पाहून मुलीवर संशय घेणारे वडील मी पाहिले आहेत. मुलीचा दोष काडीचा नव्हता. म्हणून रागावण्याआधी चिन्ह पाहावे, आणि घड्याळ असले तरी आधी विचारावे.

आता पुसायचे कसे ते सांगतो. काही फोनवर शब्द थोडे वेगळे असतील, पण वाट हीच आहे.

एकच ओळ काढायची असेल तर शोधायच्या चौकटीत बोट लावा. घड्याळाची ती ओळ दिसली की तिच्यावर बोट दाबून धरा. काढून टाकायचे का, असे फोन विचारतो. हो म्हणा. यूट्यूबवरही असेच करता येते, पण यूट्यूबची नोंदवही वेगळी असते. गुगलवरचे पुसले म्हणून यूट्यूबवरचे जात नाही.

क्रोममधील सगळी नोंद काढायची असेल तर वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबा आणि 'डिलीट ब्राउझिंग डेटा' निवडा. काही फोनवर तिथे 'क्लिअर' असा शब्द असतो. किती काळाचे पुसायचे ते तिथे विचारतात. शेवटचा एक तास, एक दिवस, किंवा सगळेच. याच ठिकाणी खुणा करायच्या चौकटी असतात. ब्राउझिंग हिस्ट्रीवर खूण असू द्या. पासवर्डच्या चौकटीवर मात्र खूण करू नका, नाहीतर फोनने जपून ठेवलेले पासवर्ड जातील. कुकीज पुसल्या तर उघडी असलेली संकेतस्थळे पुन्हा पासवर्ड मागतात. शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धा भरून ठेवला असेल तर आधी तो पुरा करा, मग या कामाला लागा.

दुसरी प्रत गुगल खात्यातली. गुगलचे ॲप उघडा. वर उजवीकडे गोल चित्र किंवा नावाचे अक्षर असते, ते दाबा. तिथे 'सर्च हिस्ट्री' आहे. त्यात आजचे, ठरावीक तारखांचे किंवा सगळे पुसता येते. शेवटची पंधरा मिनिटे पुसण्याची सोयही त्या गोल चित्राखाली मिळते. रोज आठवण राहत नसेल तर 'ऑटो डिलीट' लावून ठेवा. तीन, अठरा किंवा छत्तीस महिन्यांपेक्षा जुने आपोआप पुसले जाते. २०२० पासून उघडलेल्या नव्या खात्यांना अठरा महिन्यांची ही सोय आधीच लावलेली असते. त्याआधीची जुनी खाती मात्र स्वतः पाहावी लागतात.

त्या गोल चित्राखाली आणखी एक महत्त्वाची गोष्ट दिसते, ती म्हणजे खाते कुणाच्या नावाचे आहे. आपल्याकडे फोन घेतला की दुकानदार किंवा घरातला शिकलेला मुलगा खाते घालून देतो. पुष्कळदा आईच्या फोनमध्ये मुलाचे, किंवा बहिणीच्या फोनमध्ये भावाचे खाते असते. मग आईने तिच्या फोनवर शोधलेले मुलाच्या फोनवर घड्याळासह उमटू शकते, अगदी तो पुण्यात असला तरी. फोन दोन आणि वही एक, असा हा प्रकार. आजच आपापल्या फोनमध्ये नाव पाहून घ्या. दुसऱ्याचे असेल तर स्वतःचे खाते काढा. पैसे लागत नाहीत.

तिसरी प्रत कीबोर्डची. लिहिताना कीबोर्डच्या वर नको असलेला शब्द आला तर त्यावर बोट दाबून धरा. गुगलच्या कीबोर्डवर कचऱ्याचा डबा दिसतो, शब्द त्यात ओढून टाका. शिकलेले सगळे विसरायला लावायचे असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी' आणि त्यात 'डिलीट लर्न्ड वर्ड्स अँड डेटा' आहे. चुकून दाबले जाऊ नये म्हणून तो एक आकडा दाखवतो. तो आकडा लिहिला की काम होते.

नोकरीचे अर्ज भरायला आपली मुले सायबर कॅफेत किंवा मित्राच्या संगणकावर बसतात. तिथे खाली सुचवलेल्या ओळीवर बाणाच्या कळीने यावे आणि शिफ्ट व डिलीट या दोन कळी एकत्र दाबाव्यात, ती ओळ जाते. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या तिन्ही एकत्र दाबल्या की सगळी नोंद पुसण्याची खिडकी उघडते. सगळ्यात बरे म्हणजे अशा ठिकाणी आधीच 'इन्कॉग्निटो' खिडकी उघडून बसावे आणि उठताना ती बंद करावी. तिच्यात शोधलेले त्या संगणकाच्या नोंदीत राहत नाही. मात्र उतरवून घेतलेल्या फायली राहतात, त्या हाताने पुसाव्या लागतात.

एवढे केले म्हणजे आपण अदृश्य झालो असे समजू नका. आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कळू शकते. कचेरीच्या इंटरनेटवर असाल तर कचेरीलाही कळू शकते. आपण पुसतो ते शेजारी बसलेल्या माणसाला दिसू नये म्हणून. तेवढ्यापुरता हा उपाय चांगला आहे.

एक सूचना माझ्या भगिनींसाठी आहे, ती नीट वाचा. घरात मारहाण होत असेल, नवरा किंवा दुसरे कुणी फोन तपासत असेल, तर सगळी हिस्ट्री एकदम कोरी करू नका. कोरी वही पाहूनच संशय वाढतो. मदतीसाठी शोधलेली तेवढीच ओळ काढा, बाकीचे राहू द्या. त्याहून सुरक्षित म्हणजे विश्वासातल्या मैत्रिणीच्या फोनवरून शोधणे. महिला मदतवाहिनीचा क्रमांक १८१ आणि तातडीच्या मदतीचा ११२ आहे. हे दोन आकडे पाठच करून ठेवा, म्हणजे शोधायची वेळ येणार नाही. फोन केलात तर कॉलच्या यादीतही तो क्रमांक राहतो, हे विसरू नका. आणि कुणी धमकीचे संदेश पाठवले असतील तर घाबरून ते मात्र पुसू नका. उद्या तक्रार करताना तेच पुराव्याला लागतात.

त्या ताईंच्या घरी मागच्या रविवारी गेलो होतो. ती ओळ कशी काढायची ते मी मुलाला दाखवले, आणि आईला शिकवायचे काम त्याच्यावर सोपवले. दोघे फोनवर डोके टेकवून बसले होते. पहिल्यांदा ताईंनी चुकून दुसरीच ओळ पुसली, ती मुलाच्या क्रिकेटची निघाली. मायलेक दोघेही हसले. मग त्या घराने एक नियम केला. फोन दुसऱ्याच्या हातात देताना आपले आपण पुसून द्यायचे. आणि चुकून दुसऱ्याची ओळ दिसलीच, तर चारचौघांत बोलायचे नाही. जवळ बसून हळूच विचारायचे, "काही होतंय का?"

एका फोनवर पाच माणसे असणाऱ्या प्रत्येक घराने हा नियम करावा, अशी माझी विनंती आहे. या रविवारी जेवणे झाली की घरातला फोन मध्ये ठेवा, खाते कुणाचे आहे ते पाहा आणि ओळ पुसायला सगळ्यांनी शिका. अडले तर शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना विचारा. आणि छातीत गाठ लागली, तर फोनवर वाचून थांबू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जा.