पाटीचं केवायसी

सध्या आपल्याकडे कोरण्याची साथ आलेली आहे. दाराची पाटी, किल्लीची साखळी, पाकीट, निरोप समारंभाचं स्मृतिचिन्ह, जे हाताला लागेल त्यावर लेसरने नाव! माझा कोरण्याला विरोध नाही. माझा विरोध आहे तो दुकानदाराच्या एका वाक्याला. "साहेब, सगळ्यावर होतं!"

नाही होत, मालक. सगळ्यावर बसते ती फक्त धूळ.

हा गैरसमज भांड्यांवर नावं घालणाऱ्यांपासूनचा असावा. त्यांच्या सुईला डबा कशाचा, हे विचारायची गरजच नसे. सुई टोचायची आणि डबा सोसायचा. लेसर पडला किरण. समोरच्या वस्तूने तो शोषला, तरच ती तापणार आणि अक्षर उमटणार. दुकानांतून बहुधा असतो तो कार्बन डायऑक्साइडचा लेसर. तो १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. गृहस्थांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याचं. तेव्हा या किरणाला आवडीनिवडी असणारच! त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. लाकूड, कातडं, काच, अ‍ॅक्रिलिक त्याला पोटात घेतात. चकचकीत पितळ मात्र न वटलेल्या चेकसारखं परत पाठवतं. पितळेसाठी सुमारे १ मायक्रॉनचा फायबर लेसर लागतो. रंगीत अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियम चालतं, कारण तिथे वरच्या थरातला रंग उडाला की काम भागतं.

"अ‍ॅक्रिलिक म्हणजे अ‍ॅक्रिलिक, त्यात काय बघायचं?" असं म्हणणारा इसमच आमच्याकडे येऊन चालू खात्यावर व्याज मागतो. ओतीव अ‍ॅक्रिलिकवर अक्षरं बर्फासारखी पांढरी उठतात. यंत्रातून दाबून काढलेलं अ‍ॅक्रिलिक स्वस्त असतं, पण त्यावर अक्षर धड दिसत नाही. तीच गोष्ट शिसवाची. लाकूड उत्तम, रुबाब उत्तम, पण काळ्यावर जळकं अक्षर! पोस्टमनने पत्र टाकायचं की बॅटरी आणायची?

असो. अक्षर न दिसणं हा किरकोळ गुन्हा. खरा गुन्हेगार पीव्हीसी. 'लेदर' म्हणून गळ्यात मारलेलं रेक्झीन पुष्कळदा पीव्हीसीचा थर दिलेलं कापडच असतं. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन. त्यावर लेसर मारला, की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओलावा भेटताच त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. यंत्राचं लोखंड गंजतं, भिंग बिघडतं. आणि यंत्राशेजारी स्टुलावर दिवसभर बसलेल्या पोराची छाती? यंत्राला निदान वॉरंटी असते.

आता कुणी म्हणेल, "अहो, पण स्वस्त पडतं ना!" पडतं खरं. कुणाला, ते विचारा. तुमचे पाच-पन्नास रुपये वाचतात आणि खोकला त्या पोराला होतो. "पंखा आहे की!" असंही सांगतात. पंखा म्हणजे ती हवा शेजारच्या दुकानाकडे ढकलण्याची सोय.

शंभर रुपयांचं खातं उघडायला आलेल्या आजीबाईंना आम्ही आधार कार्ड मागतो, फोटो मागतो, सही जुळेना म्हणून तीनदा करायला लावतो. इथे मात्र लेसरखाली जाणाऱ्या तुकड्याला "बाबा रे, तू कोण?" एवढंही कुणी विचारत नाही. माझं म्हणणं इतकंच, की आधी पाटीचं केवायसी करा. वस्तू नेमकी कशाची? यंत्र कुठलं? आणि धूर जातो कुठे? तीनही उत्तरं मिळेपर्यंत ऑर्डर देऊ नका. "प्लास्टिकच आहे हो कसलं तरी" हे उत्तर धरू नका. ज्या वस्तूला स्वतःचं नाव सांगता येत नाही, तिच्यावर आपलं नाव घालू नये.

आम्ही कॉमर्सवाले जमा आणि नावे यापलीकडे फारसं जाणत नाही. पण एवढं कळतं की पाटीवर नाव आपलं आणि रक्कम त्या पोराच्या नावे, असा हिशेब कुठल्याच खातेवहीत जुळत नाही.