हिशेब पुरा करूनच उंबरा ओलांडा

वीस-पंचवीस वर्षे एकाच ठिकाणी राबलेल्या माणसाला एके दिवशी सांगितले जाते की आता तुमची गरज उरली नाही. त्याच संध्याकाळपासून त्याच्यावर उपदेशांचा मारा सुरू होतो. मन मोठे करा. हसतमुखाने निरोप घ्या. सही मागतील तिथे करा, वाद वाढवू नका. आपले क्षेत्र लहान आहे, नाव खराब होईल. असा वागला तो व्यावसायिक. ज्याने प्रश्न विचारला तो कटकट्या. हे मत इतके रुजले आहे की नोकरी गमावलेला माणूस स्वतःच ते पुढच्याला सांगू लागतो.

हा उपदेश अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो जास्त नुकसान करतो. सभ्यपणे निरोप घ्यावा, हे मला मान्य आहे. पण सभ्य माणसाने मुके व्हावे, हे मान्य नाही. दीर्घ सेवेनंतर नोकरी जाते तेव्हा शांत डोक्याने, लेखी, तारखेनिशी आपला हिशेब पुरा करून घेणे हे नोकरदाराचे व्यावसायिक कर्तव्य आहे, आणि तो पुरा करून देणे हे मालकाचे. या लेखात मला एवढेच सिद्ध करायचे आहे.

हैदराबादच्या नारायणगुडा, बरकतपुरा, काचिगुडा या पट्ट्यातल्या मराठी कुटुंबांनी नोकरीची दोन युगे पाहिली. पहिल्या युगात शाळा, मग सरकारी खाते, रेल्वे किंवा स्टेट बँक ऑफ हैदराबाद, आणि शेवटी पेन्शन असा रस्ता होता. केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये उभी राहिलेली नारायणगुड्याची केशव मेमोरियल शिक्षणसंस्था त्याच काळातली. शिकलात तर आयुष्यभराची नोकरी लागेल, हा त्या काळाचा विश्वास. दुसऱ्या युगातली मुले नारायणगुडा स्थानकात मेट्रो पकडतात, परेड ग्राउंडला गाडी बदलतात आणि हायटेक सिटीला उतरतात. पगार वाढला, कामाचे स्वरूप बदलले. घरची शिकवण मात्र जुनीच राहिली. साहेबाशी वाद घालू नये, निष्ठा ठेवावी, संस्था आपल्याला सांभाळते. संस्था खरोखर सांभाळत होती तोवर ही शिकवण शहाणपणाची होती. आज ती माणसाला रिकाम्या हाताने घरी पाठवते.

आता निमूटपणाच्या बाजूने केले जाणारे दावे एकेक करून तपासू.

पहिला दावा असा की दर महिन्याला पगार मिळाला, तिथेच देणेघेणे संपले. मागच्या वर्षांचे काही उरत नाही. आपल्या देशाचा कायदा नेमके उलटे सांगतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगारकपातीसाठी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन भरपाई म्हणून ठरवले. शेवटी आलेल्याला आधी कमी करावे, हा सर्वसाधारण नियमही त्याच कायद्यात होता. म्हणजे जुन्या माणसाच्या वर्षांना वजन होते. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने पाच वर्षांच्या सेवेनंतर दरवर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन देय केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तरी वर्षे साठतात आणि त्यांचे देणे तयार होते हे तत्त्व कायम आहे. नव्या संहितेने तर कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाकडून आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाची तरतूद केली आहे.

आकड्यांत पाहा. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिना ५२,००० रुपये आणि सेवा २४ वर्षे, असे धरू. महिन्याचे २६ दिवस मानून पंधरा दिवसांचे ३०,००० होतात. २४ वर्षांची ग्रॅच्युइटी ७,२०,००० रुपये. व्यवस्थापकालाही ती लागू आहे, आणि देय झाल्यापासून तीस दिवसांत ती चुकती करायची असते. हे कुणाचे औदार्य नाही. ही मिळवलेली रक्कम आहे, आणि ती मागताना लाजण्याचे कारण नाही.

दुसरा दावा अधिक गोड आहे: ‘तुम्हीच राजीनामा द्या, म्हणजे तुमच्या कागदावर डाग राहणार नाही.’ दीर्घ सेवा केलेले लोक याच ठिकाणी सर्वाधिक फसतात. कमी केले जाणे आणि आपणहून सोडून जाणे, यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला कपातीची भरपाई नाही. ग्रॅच्युइटी राहते, पण दरवर्षामागचे ते दुसरे पंधरा दिवस एका सहीने जातात, आणि पुढे दाद मागायची वेळ आली तर आपलाच राजीनामा आपल्या विरुद्ध पुरावा होतो. शिवाय ‘आम्ही तर मॅनेजर, आम्हाला कामगार कायदा कुठला’ असे म्हणून अनेकजण चौकशीच करत नाहीत. कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत कोण बसतो हे हुद्द्याच्या नावावरून ठरत नाही, प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावरून ठरते, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजर छापलेले असले आणि दिवसभराचे काम तांत्रिक असले, तर वकिलाला विचारल्याशिवाय हक्क सोडू नये.

तिसरा दावा बदनामीच्या भीतीचा. नोकरी गेली हे कळले तर नाव जाईल, म्हणून गप्प राहा. या शहराने या भीतीचे उत्तर २००९ सालीच पाहिले आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या इथल्या आयटी कंपनीच्या रामलिंग राजूंनी हिशेबातील घोटाळ्याची कबुली दिली, तेव्हा तिथे पन्नास हजारांच्या आसपास लोक काम करत होते. त्याच वर्षी नव्या व्यवस्थापनाने हजारो कर्मचाऱ्यांना ‘व्हर्च्युअल पूल’ नावाच्या यादीत घालून कमी पगारावर घरी बसवले. त्यातल्या कुणी हिशेब बिघडवले नव्हते. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळातील दोन टक्के, म्हणजे सुमारे बारा हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले. त्याची झळ प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या फळीला, म्हणजे जुन्याजाणत्यांना बसणार होती. हजारोंच्या संख्येने होणाऱ्या कपातीत एकेका माणसाच्या चारित्र्याचा काय संबंध? तरीही आपल्या घरांत कर्ता माणूस आठवडेच्या आठवडे डबा घेऊन बाहेर पडतो आणि बायकोमुलांपासून गोष्ट लपवतो. लपवण्याने अब्रू वाचत नाही. घराचा खर्च आवरायचे, मुलाच्या फीची आणि विम्याची व्यवस्था लावायचे दिवस मात्र वाया जातात.

चौथा दावा प्रेरणादायी भाषणांतला: संकट हीच संधी. हैदराबादेत त्यासाठी आयडीपीएलचे उदाहरण हमखास दिले जाते. त्या सरकारी औषध कारखान्यात काम केलेल्या के. अंजी रेड्डी यांनी पुढे स्वतःचे उद्योग काढले, १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज उभी केली, आणि हे शहर औषधनिर्मितीचे केंद्र झाले. खरे आहे. पण अंजी रेड्डी १९७० च्या दशकात आपणहून बाहेर पडले होते. आयडीपीएल आजारी उद्योग ठरली १९९२ मध्ये. तरुणपणी स्वतः निवडलेली वाट आणि पन्नाशीत दाखवलेला दरवाजा, यांची तुलना करणे अन्यायाचे आहे. त्या उदाहरणातून एकच धडा निघतो: कौशल्य माणसाबरोबर जाते. तो मोलाचा धडा आहे, पण त्याने थकलेले देणे फिटत नाही.

विरुद्ध टोकाचे वागणेही मला मान्य नाही. फायली पुसून टाकणे, ग्राहकांना फितवणे, सहकाऱ्यांच्या ग्रुपवर शिव्याशाप देणे यात न्याय नाही आणि फायदाही नाही. हाती असलेले काम नीट समजावून द्यावे, कारण त्याचा भार मालकावर पडत नाही, मागे राहिलेल्या सहकाऱ्यावर पडतो. राग येणारच; तो घरी, मित्रांपाशी मोकळा करावा. मागणीच्या पत्रात फक्त तारखा आणि आकडे असावेत. निमूटपणाचे समर्थक संयमाचा आग्रह धरतात, तिथे ते बरोबर आहेत. त्यांची चूक एवढीच की संयम म्हणजे हक्कावर पाणी सोडणे, असे ते मानतात.

मग करावे काय? जागच्या जागी कशावरही सही करू नये. कागद घरी नेऊन वाचण्यासाठी वेळ मागावा. कमी करण्याचे कारण लेखी घ्यावे. नेमणुकीचे पत्र, पगारपत्रके, भविष्यनिर्वाह निधीचा तपशील, रजेचा हिशेब, अनुभवाचा दाखला आणि रिलीव्हिंग लेटर यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात. तोंडी आश्वासन मिळाले तर त्याच दिवशी ‘आपले असे बोलणे झाले’ म्हणून ईमेल पाठवावा. गटविम्याचे संरक्षण कोणत्या तारखेला संपते हे विचारावे, आणि त्याआधी घरासाठी वेगळा विमा घ्यावा.

कागदाचे मोल मुंबईच्या गिरणी कामगारांनी जन्मभर अनुभवले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यातल्या असंख्य लोकांची नोकरी कायमची गेली. तीन दशकांनी, २०१२ मध्ये, म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली तेव्हा अट होती ती १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याची. ते सिद्ध करायचे कसे? तिकीट नंबर, ईएसआयचे कार्ड, फंडाची पावती, पगाराची चिठ्ठी. ज्या घरातल्या बाईने ते पिवळे कागद ट्रंकेत जपले, तिच्या कुटुंबाला दावा मांडता आला. तीस वर्षे गिरणीत घाम गाळल्याचे साऱ्या चाळीला ठाऊक असले, तरी सरकारदरबारी कागदच बोलतो.

मालकांना माझे सांगणे असे: चांगला निरोप देणे अशक्य नाही. १९४१ मध्ये निजामाच्या राज्यात स्थापन झालेली, मराठवाड्यात गावोगावी शाखा असलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. एका संस्थेचे नावच पुसले गेले. अनेकांना ते लागले. पण कर्मचारी नव्या बँकेत सामावले गेले, आणि वीस वर्षे सेवा व पंचावन्न वर्षे वय पूर्ण केलेल्यांसाठी अटी आधी जाहीर करून स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. माणसाला आकडा दिसत होता, मुदत दिसत होती, निवड करता येत होती. खासगी कंपनीनेही एवढे करावे. बातमी समोरासमोर द्यावी, कारण कागदावर द्यावे, देण्याची तारीख पाळावी, आणि वीस वर्षांच्या माणसाला अर्ध्या तासात दाराबाहेर काढू नये.

आपल्या समाजालाही एक काम आहे. हैदराबादेतल्या मराठी संस्था व्याख्याने, नाटके, दिवाळी पहाट उत्साहाने करतात. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ निवृत्त बँक अधिकारी, कामगार कायद्याचे वकील आणि हिशेबनीस यांना बसवून नोकरी गेलेल्यांचे कागद तपासून द्यावेत. त्याला सभागृह लागत नाही, दोन टेबले पुरतात. नोकरी देणे आणि काढून घेणे मालकाच्या हाती असेल. सेवेच्या वर्षांचा हिशेब एकट्याने ठरवण्याचा अधिकार मात्र त्याला कुणीही दिलेला नाही. तो आपण आपल्या गप्प बसण्याने देतो, आणि यापुढे तो देऊ नये.